कच्चा दोरा

सीटकव्हर शिवणारे गल्लोगल्ली आहेत. पण सीटच्या कडेला एअरबॅग असते, हे ध्यानात ठेवून शिवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नव्या छोट्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना दाराकडच्या अंगाला ती घडी घालून बसवलेली असते. धडक बसली की पापणी लवायच्या आत फुगून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या आणि दार यांच्यामध्ये उभी राहते. पण आपण वरून जाड रेक्झिन चढवलं, तर तिनं बाहेर यायचं कुठून? म्हणून तिथल्या वीतभर शिवणीला कच्चा दोरा घालायचा. बाकी सगळीकडे नायलॉन, दुहेरी टीप, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तरी न उसवणारी. त्या वीतभर जागी मात्र बोटानं ओढला तरी तुटेल असा सुती दोरा. ह्या एअरबॅगा निघाल्यापासून मी हे इमानानं करत आले. एकदाच केलं नाही, आणि तेही मुद्दाम, कारण मला एका माणसाला मारायचं होतं.

तो माणूस म्हणजे आमचे जावईबापू. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

दुकान दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. पुढच्या भागात तो गाड्यांना दिवे, गार्ड, फिल्म, भोंगे असलं काहीबाही बसवतो, मागच्या खोलीत मी मशीन घेऊन बसते. गल्ल्याच्या वर त्यानं हौसेनं पाटी रंगवून घेतलीय : ‘गाडी मालकाची, मर्जी मालकाची’. कुणी येऊन म्हटलं की मला छपरावर खुर्ची बसवून द्या, तर दादा फक्त एवढंच विचारेल, कुठल्या रंगाची. या पाटीवरून मी त्याला पुष्कळदा चिडवलंय. आता चिडवत नाही.

जावई नवी कोरी गाडी घेऊन आले. शेजारच्या सीटवर धाकटी बसलेली. गाडी धाकटीच्या नावावर होती, तिच्या पगारातून आलेली, पण यादीचा कागद निघाला तो जावयांच्या खिशातून.

“समोर लोखंडी गार्ड पाहिजे, दादा. चांगला जाड. काचांना काळी फिल्म. सीटकव्हर ताई शिवतीलच. आणि ती बेल्टच्या खाचेत अडकवायची खोटी क्लिप द्या. बेल्ट नाही लावला की गाडी नुसती बोंबलत बसते.”

“गार्डमुळे समोरच्या एअरबॅगा वेळेवर उघडतीलच असं नाही, बरं का,” दादा म्हणाला. सांगायचं म्हणून सांगतो तो, अडवत कुणाला नाही.

“मी काय गाडी ठोकायला घेतलीय?” जावई हसले. “आणि एक राहिलं. डाव्या दाराची आतली कडी बंद करून टाका. बाहेरून उघडलं की झालं. काचेचं बटणही माझ्याच बाजूला.”

“आतली कडी?”

“हिला चालत्या गाडीत दार उघडायची सवय आहे. धांदरट आहे ना.”

दादानं मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतलं. मी टेप घेऊन डाव्या दाराशी गेले.

धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घेते. तिचा हात इतका हलका की सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, म्हणून रडकी पोरं घेऊन आया तिच्याच खिडकीशी रांग लावतात. अशा हाताच्या दंडावर चार बोटं निळी उठलेली मला दिसली.

“हे काय?”

“फ्रीजचं दार लागलं.”

“फ्रीजला बोटं फुटली का गं?”

“ताई, हळू बोल.” तिनं दुकानाकडे पाहिलं. “ऐक. मला आठ दिवस दे. माझं मी बघतेय. तू काही करू नकोस, शप्पथ आहे तुला.”

मी ऐकलं, पण कानांनी ऐकलं फक्त. मी शिवणयंत्रावर बसणारी बाई, मला जरा उसवलेलं दिसलं की धीर धरवत नाही. खडू आणायला मी आत गेले आणि परत दाराशी आले, तेव्हा जावई गाडीत बसलेले होते. काचा अजून स्वच्छ होत्या. धाकटीनं आपल्या बाजूची काच बोटभर खाली केली होती. त्यांनी ती पाहिली, काही न बोलता तिचा बेल्ट धरला, तिच्या गळ्यावरून आवळला आणि मागे ओढला. तिचे पाय डॅशबोर्डवर आपटले. तोंड उघडलं, आवाज निघेना. मी पाच मोजेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता. मी मोजले, कारण माझे पाय जागचे हलले नाहीत, आणि याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. मग बेल्ट सोडून ते उतरले, शर्ट नीट केला आणि दादाला म्हणाले, “फिल्म जरा गडदच लावा. आतलं काही दिसता कामा नये.”

ते दोघं रिक्षानं घरी गेल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. तो गार्डची भोकं मोजत होता.

“नवरा-बायकोचं असतं एकेक. आपण मध्ये पडायचं नाही.”

“तुझी सख्खी बहीण आहे ती!”

“म्हणूनच म्हणतो. तिचा संसार आपल्या हातानं मोडायचा का?” असं म्हणून त्यानं डाव्या दाराचं अस्तर काढलं आणि कडीची तार पकडीनं तोडून टाकली. कट्‌ असा आवाज झाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आत जाऊन मशीनवर बसले. काळं रेक्झिन कापलं. आधी मागच्या सीट उरकल्या, मग पुढच्या दोन. डावीचा तुकडा बहिणीचा, उजवीचा त्याचा. त्याच्या तुकड्याला सगळीकडे नायलॉन घालायचं, एअरबॅगच्या जागीसुद्धा, असं मी ठरवून टाकलं. दुहेरी नाही, तिहेरी टीप. गाडी तो हाणतोच, आज ना उद्या कुठं तरी दाराकडून आपटेलच, आणि तेव्हा ती पिशवी माझ्या रेक्झिनखाली गुदमरेल, जशी माझी बहीण गुदमरली. एकेक टाका घालताना मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, चक्क आनंद होत होता. रागाच्या भरात मशीन असं पळत होतं की सुई तापली.

कव्हरं चढवली तीही मीच. एरवी चढवून झालं की कच्च्या शिवणीवरून मी एकदा बोट फिरवते, सवयच आहे ती. त्या दिवशी फिरवलं नाही. केलेल्या कामाला हात लावायची माझी मलाच किळस आली असावी.

जावई गाडी घेऊन गेले. पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर तशीच एक गाडी दारात उभी. तिच्या मालकाला लाल कव्हर पाहिजे होतं. जावयांच्या गाडीला वापरलेले कागदी फर्मे खुंटीवर होते, तेच मी उतरवले. आमचं काम असं असतं की कापड नेहमी उलट्या बाजूनं शिवायचं, त्यामुळे मशीनवर उजवं ते डावं दिसतं आणि डावं ते उजवं. म्हणून शिवायला घेण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं ‘डा’ नाहीतर ‘उ’ लिहायचं, हा पहिला धडा. मी लाल तुकड्यावर ‘डा’ लिहिलं, आणि खडू हातातच राहिला. त्या दिवशी मी लिहिलं होतं का? खडू आणायला म्हणून गेले होते, तो परत येऊन नुसता मुठीत चुरला होता.

फर्मा मी कापडाला कच्चा टाचून घेते, कागदावरूनच टीप मारत जाते आणि शेवटी कागद ओढून सोडवते. कडेला दोऱ्याची टोकं अडकून राहतात. मी उजव्या सीटचा कागद उजेडात धरला. एअरबॅगच्या जागी सुती दोऱ्याचे तुकडे. डाव्या सीटचा धरला. तिथं काळं नायलॉन, तिहेरी.

त्याची पिशवी मी मोकळी ठेवली होती आणि बहिणीची शिवून टाकली होती. आतून न उघडणारं दार, न उतरणारी काच, आणि शेजारी बरगड्यांना न मिळणारी पिशवी. दोन गोष्टी नवऱ्यानं केल्या होत्या आणि तिसरी मी.

फोन लावला. धाकटीचा फोन बंद. कटर पोलक्याच्या खिशात टाकला, त्या लाल कव्हरवाल्या भल्या माणसाला तसाच उभा ठेवला आणि धावत सुटले. तिचं घर दहा मिनिटांवर. वाटेत मला एकच वाक्य सुचत होतं : शिवणीत चूक झालीय, पाच मिनिटं द्या. तो रोज सकाळी तिला लॅबवर सोडायचा. त्याच्या आधी पोचायचं होतं.

मी गल्लीत वळले तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि तो धाकटीला वेणीला धरून पायऱ्यांवरून खाली ओढत होता. तिचं ढोपर प्रत्येक पायरीवर आपटत होतं. खाली तिची बॅग उपडी पडली होती. कपडे, लॅबचं ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं. तो आठवा दिवस नव्हता, पण निघाली होती ती. स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या पायांनी. आणि सापडली होती.

त्यानं तिला डाव्या सीटवर कोंबलं, बेल्ट अडकवला, दार लावलं आणि तिच्या बाजूच्या काचेवर बाहेरून एक बुक्की मारली.

“जावईबापू,” मी धापा टाकत म्हटलं, “कव्हरच्या शिवणीत चूक झालीय. पाच मिनिटं द्या.”

“ताई, बाजूला व्हा. घरचा मामला आहे.”

“पाच नको, दोनच मिनिटं.”

“बाजूला व्हा म्हटलं ना!” तो वळसा घालून आपल्या बाजूला गेला.

तेवढ्यात मी डावं दार उघडलं. धाकटीचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. मी तिला दोन्ही हातांनी धरून ओढलं. ती अर्धी बाहेर आली आणि बेल्टात अडकली. त्यानं पलीकडून बसता बसता तिची वेणी मुठीत पिळून धरली होती आणि दुसऱ्या हातानं गाडी चालू केली होती.

“ताई, सोड, तुला लागेल,” ती म्हणाली. एवढ्यातही तिला माझंच पडलं होतं.

मी खिशातला कटर काढला. बेल्ट कापावा, तर वेणी त्याच्या मुठीत, ती बाहेर येणार नाही आणि बेल्टही जाईल. शिवण कापावी, तर ती त्या राक्षसाच्या शेजारीच राहील. विचार करायला वेळ नव्हता. मी सीटच्या कडेला पातं खुपसलं आणि वरून खाली खसकन ओढलं. तिहेरी नायलॉन. माझ्याच हातचं, आणि निम्म्यावर येऊन अडलं.

“नव्या गाडीची सीट फाडता?” तो ओरडला. त्यानं वेणी सोडली, पायाशी ठेवलेलं स्टिअरिंगचं लोखंडी कुलूप उचललं आणि तिच्या अंगावरून वाकून माझ्या हातावर घातलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओल्या काटक्या मोडल्यासारखा. कटर उजव्या हातातून डाव्या हातात कसा आला ते मला ठाऊक नाही. दुसरा फटका माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण पातं मी सोडलं नाही. उरलेली शिवण खालपर्यंत फाडली तेव्हाच गाडी हलली. मी दाराला लोंबकळत चार पावलं फरफटत गेले आणि रस्त्यावर पालथी पडले. त्यानं हात लांबवून दार ओढून घेतलं.

गल्लीच्या टोकाला गोदामाची भिंत आहे, तिथं रस्ता काटकोनात वळतो. काळ्या काचांतून आतलं काही दिसत नव्हतं. मला एवढंच दिसलं की गाडी वळलीच नाही. आधी ती विजेच्या खांबावर गेली, गार्डसकट, मग गर्रकन फिरून डाव्या अंगानं भिंतीवर आदळली. सगळी गल्ली हादरली.

मी रांगत गेले की धावत, आठवत नाही. डावं दार भिंतीशी चेपलेलं. मी उजवीकडून आत पाहिलं. समोरच्या एअरबॅगा उघडल्याच नव्हत्या. गार्ड शाबूत होता, त्याच्यामागं सगळं चेंदामेंदा. बेल्टच्या खाचेत ती खोटी क्लिप दिमाखात बसलेली, आणि जावई स्टिअरिंगवर. छातीत चाक रुतलेलं, चेहऱ्याच्या जागी चेहरा नव्हता. गेले होते. त्यांच्या अंगावरून पलीकडे पाहिलं तर फाटलेल्या काळ्या रेक्झिनमधून एक पांढरी पिशवी बाहेर आली होती आणि माझी बहीण तिच्यावर मान टाकून पडली होती. श्वास घेत होती. मी तिथंच रस्त्यावर बसून मोठमोठ्यानं रडले.

धाकटीचं गळ्याखालचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. माझी दोन बोटं. आम्हाला एकाच दवाखान्यात ठेवलं होतं. पोलिसांना दादानं गार्डचं सांगितलं, कडीचं सांगितलं, खाली मान घालून सगळं सांगितलं. माझ्या दोऱ्याचं कुणी विचारलं नाही, आणि मीही मूग गिळून बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “ताई, कुणाला सांगू नकोस. स्टिअरिंग मी ओढलं.”

मी उठून तिच्या खाटेशी गेले.

“तो मला कुठं नेत होता ते मला माहीत होतं. परत आणणार नव्हता. मला बेल्ट होता, त्याला नव्हता. गार्डमुळे समोरचं उघडणार नाही हे मी दादाकडून त्या दिवशीच ऐकलं होतं.” श्वास घेताना तिला दुखत होतं. “तू बेल्ट कापायला धडपडत होतीस असंच मला वाटलं. आणि माझ्या बाजूची पिशवी उघडेल याची खात्री होती. तुझ्या हातची शिवण होती ना.”

तेव्हा मी गप्प बसले असते तर आयुष्यभर तिची लाडकी ताई राहिले असते. पण ते वाक्य माझ्याच्यानं पचेना. मी सगळं सांगितलं. नायलॉन, तिहेरी टीप, उलटा तुकडा, खडू. त्याला मारायला निघाले होते आणि तुला मारून बसले होते, तू स्टिअरिंग ओढलंस तेव्हा ती शिवण उघडी होऊन एक मिनिटही झालं नव्हतं.

तिनं नजर छताकडे वळवली.

“मी आठ दिवस मागितले होते, ताई.”

“हो.”

“त्यानं दार बंद करून घेतलं, मला विचारलं नाही. दादानं तार तोडली, मला विचारलं नाही. ते ठरत होतं तेव्हा मी तिथंच गाडीत बसले होते.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “तूही नाही विचारलंस.”

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिला घरी सोडेपर्यंत माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, आणि पुढं कितीतरी महिने दुकानाची पायरी चढली नाही. मी तिच्या दाराशी जाऊन परत यायचे.

मग एका सकाळी ती गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली. पत्रा ठोकून रंगवलेला, पण गाडी तीच. उजव्या दारातून धाकटी उतरली. दादा हातातलं काम टाकून पुढं आला, काही तरी बोलायला गेला, पण तिनं त्याला बोलू दिलं नाही.

“गार्ड काढ. सगळ्या काचांची फिल्म काढ. डाव्या दाराची कडी नीट कर, मी स्वतः आत बसून बघणार आहे. ती क्लिप माझ्यासमोर तोड.”

दादानं एकदा पाटीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पकड उचलली.

ती मागच्या खोलीत आली. माझी दोन बोटं आता वाकत नाहीत, पण मशीन चालतं. मी रेक्झिन पसरलं, तुकडे कापले, आणि खडूनं एकावर ‘डा’ लिहिलं, एकावर ‘उ’. अक्षर वेडंवाकडं आलं. रीळ लावायला घेतलं तर तिनं हात पुढं केला.

मी रीळ तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं दोरा हातभर सोडवला, दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. तुटला. तिनं पुन्हा सोडवला, पुन्हा ओढला. पुन्हा तुटला.

“शिव आता,” ती म्हणाली.

तिनं स्टूल ओढून माझ्या मशीनशेजारी घेतलं आणि बसली. दोन्ही सीटचा शेवटचा टाका पडेपर्यंत तिनं माझ्या हातांवरची नजर काढली नाही.